सुकाणूतली जुनी भेग

क्रेनच्या पट्ट्यांवर होडी पाण्याबाहेर आली, तेव्हा थोरलीचं लक्ष तळाला चिकटलेल्या शिंपल्यांकडे होतं. धाकटी मात्र थेट मागे गेली. होडीच्या मागच्या टोकाला बिजागऱ्यांना लटकलेलं लाकडी सुकाणू चांगलं पुरुषभर उंच होतं. त्याच्या पात्यावर खालून वर हातभर लांब भेग गेली होती आणि तिच्यातून तांबूस पाणी ठिबकत होतं.

भेग कशानं पडली, ते धाकटीला ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी, थोरली गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात पाय पसरून बसली होती, तेव्हा ही एकटीच शीड उभारून निघाली. ओहोटीची वेळ बघताना तक्त्यातली भलतीच ओळ वाचली आणि परतताना खडकाला सुकाणू लागलं. आवाज दार आपटल्याएवढाच. संध्याकाळी थोरलीनं विचारलं, "कशी झाली फेरी?" धाकटी म्हणाली, "मस्त!" आणि तेव्हापासून मूग गिळून बसली.

होडी वडिलांची. ते गेले आणि ती दोघी बहिणींकडे आली. पण हुकूम थोरलीचा. दोरीची गाठ कशी मारायची इथपासून चहाचा थर्मास कुठे ठेवायचा इथपर्यंत. पुढच्या महिन्यात दोघी समोरच्या बेटावर जाणार होत्या. मध्ये सहा तासांचं उघडं पाणी.

"ही कधी पडली गं?" थोरलीनं भेगेवरून बोट फिरवत विचारलं.

"कोण जाणे," धाकटी म्हणाली आणि तिचं तिलाच कानकोंडं झालं.

धक्क्यामागच्या शेडमध्ये सुतार होता. सगळे त्याला 'सावकाश' म्हणत, कारण कुठल्याही कामाला त्याचं पहिलं उत्तर तेच. तिघांनी मिळून सुकाणू उतरवलं, दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. सुतारानं वरून खाली टकटक करत कान लावला. वरच्या बाजूला आवाज खणखणीत आला, भेगेपाशी भद्द.

"उघडून बघावं लागेल," तो म्हणाला. "दोन दिवस सुकू दे आधी. सावकाश."

ते दोन दिवस धाकटीला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारातच तिनं थोरलीचा हात धरला.

"ताई, थांब. ते माझ्यामुळे झालंय. तू आजारी होतीस तेव्हा मी खडकावर घातली होडी. सांगायचा धीर झाला नाही."

थोरली काही बोलायच्या आत आतून सगळं ऐकलेल्या सुताराची हाक आली. "अहो, इकडे या दोघी. गंमत दाखवतो."

त्यानं छिन्नीनं भेग रुंद केली होती. "ताजं मोडलेलं लाकूड आतून पिवळं दिसतं. हे बघा, इथे टोकाला चार बोटं पिवळं आहे. तो तुमचा खडक. बाकी सगळं काळं, कुजलेलं. ही भेग दहा वर्षांची तरी आहे. आणि कुणीतरी शहाण्यानं आत फटी बुजवायची लांबी भरून वरून रंग फासलाय!"

खरंच, छिन्नीच्या टोकावर करड्या लांबीचं ढेकूळ होतं. धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरली छपराकडे बघत होती.

"ताई?"

"मागे घेताना माझ्या हातून होडी धक्क्यावर आपटली होती," थोरली पुटपुटली. "बाबा गावाला गेले होते. ते यायच्या आत मी लांबी भरली. मग सांगू सांगू म्हणता राहूनच गेलं."

"दहा वर्षं?"

"बारा."

धाकटीला आधी हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू. थोरलीही गुडघा सांभाळत लाकडाच्या ओंडक्यावर बसली आणि पोट धरून हसली.

सुतारानं फळ्या जोडणारा लोखंडी गज ओढून काढला. अंगठ्याएवढा जाड गज मधोमध गंजून सुतळीएवढा उरला होता. "बेटाच्या वाटेवर हा तुटला असता," तो म्हणाला. "तुमच्या खडकानं भेग वर आणली, हे बरंच झालं."

मग आठवडाभर तिघं राबली. कुजकं लाकूड कापून सागाची पट्टी बसवली, न गंजणारे नवे गज आरपार घातले, गोंद भरून शिकंजे आवळले. धाकटीनं पॉलिश पेपरनं घासघासून हात सोलवटून घेतले. थोरलीनं रंगाचे तीन हात दिले. चौथा द्यायला निघाली तेव्हा सुतार म्हणाला, "पुरे आता. ती होडी आहे, नवरी नाही."

होडी पुन्हा पाण्यात गेली त्या दुपारी वारा बऱ्यापैकी होता. सुकाणूचा दांडा थोरलीनं धाकटीच्या हाती दिला. धक्का मागे पडल्यावर धाकटीनं श्वास रोखून दांडा पूर्ण डावीकडे रेटला, मग उजवीकडे. करकर नाही, थरथर नाही. होडी मुकाट्यानं वळली.

तिचा जीव भांड्यात पडला. समोर थोरली डोळे मिटून उन्हात पाय ताणून बसली होती.

"काही हुकूम?" धाकटीनं विचारलं.

"नाही. ने कुठे न्यायची ती," थोरली म्हणाली.