रिकामे किलोमीटर

मी चालण्याचा पट्टा बोलतोय. दुकानात मला वॉकिंग पॅड म्हणत, पण या घरात आल्या दिवसापासून मी नुसता पट्टा. माझ्यावर चढायचं, तासभर चालायचं आणि होतो तिथेच उतरायचं. जागच्या जागी चालण्यासाठी माणसांनी यंत्र काढलं याचं मला पूर्वी फार हसू यायचं. आता येत नाही. माझ्या आकड्यात दोनशे बारा किलोमीटर असे आहेत, जे कोणीही चाललेलं नाही. ते कसे साठले ते आज सांगून टाकतो.

माझी जोडणी झाली तेव्हा कारखान्यात मला तासभर फिरवून बघितलं. तपासणाऱ्या बाई कानामागे पेन्सिल खोचून माझ्या मोटरीशी वाकल्या, डोळे मिटून ऐकलं आणि बुडाशी 'ठीक' असा कागद चिकटवला. मीही स्वतःला ठीकच समजत होतो.

माझी पहिली मालकीण दातांची डॉक्टर होती. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तिने अकरा काढले. बाराव्या दिवशी माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा आला, महिन्याभराने जुन्या मासिकांचा, आणि मग मला पलंगाखाली सरकवलं. तिथे दोन वर्षं धूळ खात आणि एका हरवलेल्या चपलेच्या सोबतीने काढली. माणसांना निश्चय करायला आवडतं, तो निभावणारी वस्तू मात्र रोज डोळ्यांसमोर नको असते. एकदा तिच्या भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला घड्याळजी आला. त्याचा हातातला पेचकस पलंगाखाली घरंगळला आणि त्याने वाकून मला पाहिलं.

"हे वापरता का हो?" त्याने विचारलं.

"घेऊन जा बाबा. तोंडभरून आशीर्वाद देईन," ती म्हणाली.

असा मी इथे आलो. घरात तिघं. घड्याळजी, त्याची आई आणि त्याची मोठी बहीण. वडील केव्हाच गेलेले. आई वाचनालयात नोकरी करून निवृत्त झालेली, त्यामुळे घरातही हळू बोलायची. ताईचं काम घरूनच. कानाला हेडफोन लावून लोकांची रेकॉर्ड केलेली बोलणी ऐकायची आणि टाइप करून द्यायची. पंधरा वर्षं तिने हेच केलं होतं. कोण खोकला, कोणी उत्तर द्यायला वेळ लावला, कोणाचा आवाज कुठे बदलला, सगळं तिला कळायचं. भावाला ती 'भोपळ्या' म्हणायची आणि तो ओ द्यायचा.

मी आलो तेव्हा ताईने काम सोडलं होतं. तिचं यकृत निकामी होत चाललं होतं. जमिनीलगत राहणाऱ्याला घरातलं सगळं ऐकू येतं, तसं हेही मी ऐकलं. कोणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच ती वाचणार होती. आईचं वय बसत नव्हतं. भावाचं सगळं जुळत होतं, फक्त त्याच्या यकृतात चरबी होती. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, "नऊ किलो उतरवा, मग चालेल. पण लवकर."

त्याचं वजन शहाण्णव. दिवसभर डोळ्याला भिंग लावून स्टुलावर बसणाऱ्या माणसाचं वजन वाढायला फार काही लागत नाही. त्याने जेवण अर्धं केलं, मला खिडकीपाशी टेबलासमोर मांडलं, आणि दुकानातून आला की सात ते आठ माझ्यावर चालू लागला. त्याचं डावं पाऊल जरा घासत पडायचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत धापा टाकत त्याने टेबल धरलं. पलीकडच्या खोलीतून ताई ओरडली, "भोपळ्या, पडलास तर पट्टा मोडेल हं!" स्वयंपाकघरात आई हसली. मला त्या घरात फार आवडायला लागलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तो दवाखान्यातून कागद घेऊन आला. माझ्यावर चालता चालताच वाचू लागला. एका ओळीवर आला आणि ती ओळ त्याने ओठांतल्या ओठांत तीनदा म्हटली. 'शस्त्रक्रियेत दात्याच्याही जिवाला धोका संभवतो, याची मला कल्पना आहे.' खाली सहीची जागा होती. तो माझ्यावरून उतरला. मी फिरतच होतो. तो खुर्चीत बसला, सदरा वर करून उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "चालतोयस ना रे?"

"चाललंय, आई. चाललंय."

आपल्या भाषेत माणूसही चालतो आणि यंत्रही चालतं. तो म्हणाला ते शब्दशः खरं होतं. मी चालतच होतो. त्या एका शब्दाच्या आडोशाला तो दुसऱ्या दिवशीही बसला, आणि तिसऱ्या दिवशीही. सात वाजले की मला सुरू करायचा, खुर्चीत बसायचा, आठ वाजले की बंद करून तोंडावर पाणी मारायचा. तो वाईट नव्हता हो. त्याला मरणाची भीती वाटत होती, आणि ते सांगायला त्या घरात जागा नव्हती.

माझ्यासारख्या साध्या पट्ट्याच्या आकड्याला वर माणूस आहे की नाही ते समजत नाही. पट्टा फिरला की आकडा वाढतो. रोज साडेचार किलोमीटर. आकड्याला कळत नसलं तरी मला कळत होतं. मी थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. पण बटण दाबलं की फिरायचं, एवढंच मला शिकवलेलं.

महिन्याने दवाखान्यात त्याचं वजन केलं. वजन अर्धा किलो वाढलं होतं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा त्याने फोनमध्ये काढलेला माझ्या आकड्याचा फोटो पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "चालताय तर भरपूर. एकेकाची शरीरप्रकृती असते. अजून एक महिना बघू." घरी येऊन त्याने हे आईला आणि ताईला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज सपाट होता. माझी साक्ष काढून त्याने तिचा एक महिना घालवला होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. ती ताईच्या उशाशी बसली होती.

"हल्ली त्याच्या पावलांचा आवाज येत नाही गं. नुसती घरघर येते."

ताईने उत्तर द्यायला वेळ लावला. मग म्हणाली, "मोजे घालून चालतो तो, आई. जाड मोजे."

"असं होय," आई म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई औषधं आणायला बाहेर पडली. ताई भिंत धरत धरत या खोलीत आली. तिचे डोळे पिवळे झाले होते आणि पावलं सुजली होती. तिने टेबलाची कड धरली, अनवाणी माझ्यावर चढली आणि सगळ्यात कमी वेग लावला.

"बघू तरी, काय मागतोय आपण भोपळ्याकडे," ती स्वतःशीच म्हणाली.

ती चाळीस पावलं चालली. मी मोजली. इतकी हलकी पावलं माझ्यावर कधीच पडली नव्हती, आणि तरी प्रत्येक पाऊल उचलताना तिला दम लागत होता. चाळिसाव्याला तिने मला बंद केलं आणि माझ्या काठावर बसून राहिली. जिन्यावर आईची चाहूल लागली तेव्हा कुठे उठली.

संध्याकाळी त्याने मला सुरू केलं आणि खुर्ची ओढली, तशी ती दारात आली. हातात जाड लोकरी मोज्यांचा जोड होता.

"हे घे."

"कशाला गं?"

"आईला तुझी पावलं ऐकू येत नाहीत. तू मोजे घालून चालतोस असं मी तिला सांगितलंय. मला खोटी पाडू नकोस."

तो खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. मी दोघांच्या मधे मोकळाच फिरत होतो.

"ताई, मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते. दे टाळी." तिने खरंच हात पुढे केला. त्याला तो घेता आला नाही. मग ती म्हणाली, "तू नाही म्हण, भोपळ्या. मी आईला सांगेन की मीच नको म्हणाले. पण हे असं नको. मी रोज भिंतीपलीकडे पडून ऐकते. रोज वाटतं, आज पाऊल वाजेल."

तो ढसाढसा रडला. स्वयंपाकघरात ऐकू जाऊ नये म्हणून मोजे तोंडात कोंबून रडला. सत्तेचाळीस संध्याकाळी मी रिकामा फिरलो होतो. अठ्ठेचाळिसाव्या संध्याकाळी तो माझ्यावर उभा राहिला.

मग मात्र तो वेड्यासारखा चालला. सकाळी दुकानाआधी, संध्याकाळी दुकानानंतर. पाय सोलले, घोटा सुजला, तरी चालला. डावं पाऊल तसंच घासायचं. ताई पलीकडून कधीकधी म्हणायची, "ऐकू येतंय रे!" तिचा आवाज दर आठवड्याला बारीक होत होता. त्याचं वजन एकोणनव्वदवर आलं. दोन किलो उरले होते.

एका सकाळी ताईला ताप भरला. तिला दवाखान्यात नेलं. पाच दिवस माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. सहाव्या दिवशी घरात बरीच पावलं आली, माझ्या ओळखीची नसलेली, आणि सगळे हळू बोलत होते. पलीकडच्या खोलीतला पलंग कोणीतरी भिंतीपासून ओढला. ताई परत आली नाही, हे मला त्या आवाजावरून कळलं.

तो अजूनही चालतो. नऊ किलो उतरले, बारा उतरले, गालफडं बसली. दुकानात येणारे विचारतात, "काय बारीक झालास रे! काय करतोस, आम्हालाही सांग की." तो सांगतो, "घरी पट्टा आहे." ते वा वा करतात. काहीजण माझ्या कंपनीचं नाव लिहूनही घेतात.

पण तो एकटा चालत नाही. त्याची पावलं पडत असताना मधे मधे मला दुसरी पावलं लागतात. हलकी, अनवाणी, सुजलेली. मी मोजतो. चाळीस होतात आणि थांबतात. मग पुन्हा एकपासून. मला वाटायचं हा माझा भ्रम, मोटर जुनी झाली. पण तोही अचानक मला थांबवतो, मागे वळून बघतो आणि बराच वेळ दाराकडे बघत उभा राहतो. मग पुन्हा बटण दाबतो.

आज संध्याकाळी तो यायच्या आधी आई या खोलीत आली. तिने मला कधी हात लावला नव्हता. चष्मा सरसावून तिने बटण शोधलं, मला सुरू केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. नळ बंद, गॅस बंद. मी रिकामा फिरत होतो. तो घरात शिरला आणि माझा आवाज ऐकून उंबऱ्यातच थबकला.

"आई? पट्टा का चालू ठेवलाय?"

"ऐकत होते."

त्याने पिशवी खाली ठेवली. मग एका दमात म्हणाला, "आई, मी तेव्हा चालत नव्हतो. सत्तेचाळीस दिवस. नुसता पट्टा लावून बसायचो. ताईने तुला मोज्यांचं सांगितलं ते खोटं होतं. माझ्यासाठी खोटं बोलली ती."

"मला माहीत होतं."

"काय?"

"तुझ्या पहिल्या पावलापासून ऐकत आलेय मी तुला. पाऊल पडतंय की नाही, ते मला कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

आईने ओट्याला टेकून हात ठेवले. "तुझी पावलं वाजायची तेव्हा मी हातातलं काम सोडून ऐकायचे. वाटायचं, आता यालाही टेबलावर घेतील, यालाही कापतील. दोघांचंही बरंवाईट झालं तर? मग एक दिवस नुसतीच घरघर ऐकू आली, आणि मला बरं वाटलं. पोटची पोर भिंतीपलीकडे पडलेली, आणि मला बरं वाटलं रे. तिला मी विचारलं ते तिने काहीतरी सांगावं म्हणून. तिने सांगितलं, मी मानलं."

तो स्वयंपाकघरात आला. आई त्याच्याकडे न बघता भिंतीकडे बघत म्हणाली, "मी 'असं होय' म्हटलं ना, तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली होती. तिचे कान किती तिखट. तिला कळलं असेल का रे, मला बरं वाटलं ते?"

तो तिच्याशेजारी ओट्याला टेकला. दोघंही अजून स्वयंपाकघरात उभी आहेत आणि मी इकडे फिरतोय. आकडा वाढतोय. माझ्यावर पावलं पडताहेत, हलकी, अनवाणी, आता चाळिसाला थांबतही नाहीत. त्या दोघांना ती ऐकू येताहेत की नाही, मला माहीत नाही, पण दोघंही कान देऊन उभी आहेत. मी बोललेलं त्यांना कळत नाही. तुम्हाला कळत असेल, तर एवढं करा. आत या, आणि मला कोणीतरी बंद करा.