न दुखणारे डोळे

मित्रांनो, मी एक जुना ई-रीडर आहे. पुस्तके वाचायची राखाडी पाटी म्हणा ना. पाटी हे नाव मला टिंबूने दिले. टिंबू ही आमच्या घरातली मुलगी. माझ्या कडा आता घासल्या आहेत, पाठीवर तिने चिकटवलेल्या मांजराचा एक कान निघून गेला आहे आणि पान उलटताना मी जरा अडखळतो. तरी माझी कहाणी सांगण्याइतका जीव माझ्यात आहे. ती फारशी हसरी नाही. पण डोळ्यांची आहे, आणि डोळे तुम्हालाही आहेत, म्हणून ऐका.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार कारखान्यात झाला. तिथले मला एवढेच आठवते की डोक्याला टोपी बांधलेल्या एका बाईने माझ्या पडद्यावरून मऊ फडके फिरवले, मला दिव्याखाली तिरके धरून पाहिले आणि मान डोलावली. माझ्या पडद्यामागे दिवा नाही. तिथे बारीक बारीक बुडबुडे आहेत आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेने टोचले की काळे कण वर येतात, अक्षर उमटते आणि मग गुपचूप तिथेच बसून राहते. कागद जसा खिडकीच्या उजेडात वाचतात, तसा मी वाचला जातो. मला रंग नाहीत, चित्रे पळत नाहीत. लहान मुलांनी मला पाहून नाक मुरडावे, असाच मी आहे.

मी आलो तो टिंबूच्या आईसाठी. ती मुद्रितशोधक आहे, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढते. सुटलेला अनुस्वार, ऱ्हस्वाचा झालेला दीर्घ, दोनदा पडलेला शब्द तिला असा जाणवायचा, जसा अनवाणी पायाला खडा.

माझ्याआधी ती टॅबलेटवर वाचायची. त्याच्या पोटात दिवा असतो आणि तो थेट डोळ्यांत उतरतो. शिवाय अशा झगझगीत पडद्याकडे टक लावून बसले की माणूस पापणी मिटायचेच विसरते. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे, कपाळ ठणकायचे. डोळ्यांवर ओले फडके ठेवून ती पडून राहायची आणि टिंबू गोष्टीचे पुस्तक घेऊन शेजारी ताटकळत बसायची. टिंबूचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, आणि घरी आले की थट्टा करतात. ते म्हणायचे, माझ्याकडे असे लाल डोळे करून बघू नकोस, माझ्यात काही अनुस्वार सुटलेला नाही.

शेवटी ती चष्म्याच्या दुकानात गेली. दुकानदाराने एकेक डोळा झाकून अक्षरे वाचायला लावली. नंबर थोडा बदलला होता. घरात कुणाला डोळ्यांचा आजार आहे का, असे त्याने विचारले. ती म्हणाली, आईला मोतीबिंदू होता, शेवटी शेवटी तिला दिसेनासे झाले. तो म्हणाला, मोतीबिंदू काय, वय झाले की सगळ्यांनाच होतो. पडदा कमी करा, असे त्याने सांगितले आणि सवडीने एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या, असेही सांगितले.

त्यानंतर तिच्या वाढदिवसाला बाबांनी मला घरी आणले. टॅबलेटची रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली.

मित्रांनो, तेव्हाचे माझे कौतुक काय सांगू! ती खिडकीशी बसून माझ्यावर पहिले वाचन करायची आणि खुणा तेवढ्या संगणकावर करायची. चुरचुर थांबली. कपाळ ठणकायचे थांबले. टिंबूला रोज गोष्ट मिळू लागली, कधी कधी दोन. मैत्रिणीला फोनवर सांगताना ती म्हणाली, "अगं, मला डोळे आहेत हेच मी विसरले बघ." मला ते बक्षिसासारखे वाटले. तिने माझी शिफारस इतक्या जणांना केली की बाबा विचारायचे, कंपनी तुला पगार देते का.

डॉक्टरांकडे जायचे मात्र राहून गेले. आधी टिंबूची परीक्षा होती, मग एक मोठे पुस्तक आले. मग ती म्हणाली, दुखतच नाही तर कशाला जायचे? बाबांनाही ते पटले. मलाही पटले असते.

माझ्यावर तिची काही वर्षे अशी सुखात गेली. पण माझ्यावर रोज तिचे डोळे फिरायचे, त्यामुळे काही गोष्टी मला आधी कळल्या. तिचा अंगठा अक्षरे मोठी करू लागला, आणि काही महिन्यांनी आणखी मोठी. ती मला नाकासमोर धरायची, ती हळूहळू उजवीकडे धरू लागली. डाव्या हाताशी ठेवलेला पेला वारंवार कलंडायचा. डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा आणि तिथे निळा डाग पडायचा. बाबा तिला धांदरट म्हणायचे. तीही हसायची, म्हणायची की डोके पुस्तकातून बाहेर आले तर दार दिसेल ना. एकदा प्रकाशकांचा फोन आला, छापलेल्या पुस्तकात तीन-चार चुका राहिल्या होत्या. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पान दोनदा वाचू लागली.

टिंबू एकदा म्हणाली होती की मी या बाजूला बसले की आई माझ्याकडे बघतच नाही. मग ती आपली आपणच आईच्या उजव्या बाजूला बसू लागली. का, ते कुणी विचारले नाही. मूल आपली जागा बदलते, त्यात विचारण्यासारखे काय, असे सगळ्यांना वाटले असेल.

एका सुट्टीच्या दुपारी आई माझ्यावर शेवटचे प्रकरण वाचत होती. टिंबू कंटाळली होती. ती मागून खुर्चीच्या दांडीवर चढली आणि तिने ओळख-मी-कोण खेळायला आईच्या डोळ्यावर तळवा ठेवला. दुसऱ्या हाताने तिने खुर्ची धरली होती.

आई हसत म्हणाली, "टिंबू, दोन्ही डोळे झाकू नकोस गं. एवढं पान होऊ दे."

"एकच झाकलाय, आई."

आईचे हसू अर्ध्यावर राहिले. तिने टिंबूचा हात हळूच काढला. मग स्वतःचा तळवा त्याच उजव्या डोळ्यावर धरला आणि माझ्याकडे पाहिले. माझ्यावर चांगले ठळक अक्षरांचे पान होते. ते तिला दिसले नाही. डाव्या कडेला खिडकीचा उजेड तेवढा दिसत होता, असे तिने नंतर डॉक्टरांना सांगितले. टिंबू विचारत राहिली की ओळखलेस का, मी कोण. आई म्हणाली, "ओळखलं गं." आणि तिला पुढे ओढून घट्ट धरून बसली.

डॉक्टर एक शांत बाई होत्या. मी आईच्या पिशवीत होतो, मला सगळे ऐकू येत होते. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आत बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब आतल्या नसेला दाबत राहतो, नजर कडेकडेने जाते, आणि यात बहुतेक वेळा काही दुखत नाही.

बाबांचा जीव भांड्यात पडला. "हात्तिच्या, मग ऑपरेशन करून टाकू. मोतीबिंदू तर हल्ली सकाळी जाऊन दुपारी घरी."

"मोतीबिंदू नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काचबिंदू. मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसतं. यात गेलेली नजर परत येत नाही. उजवा डोळा आपण सांभाळू."

बाबा खाली बसले. आईने विचारले, टॅबलेटवर इतकी वर्षे वाचले, त्याने झाले का? डॉक्टर म्हणाल्या, नाही. त्याने डोळे थकले होते, कोरडे पडले होते, एवढेच. मग त्यांनी पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, याने आराम पडला असेल, पण हा आजार याने थांबत नाही. घरात कुणाला होता का, हेही त्यांनी विचारले. आई सवयीने म्हणाली, आईला मोतीबिंदू होता. ऑपरेशन केले होते, तरी तिची नजर गेली. डॉक्टर म्हणाल्या, घरी कुणाला तरी नीट विचारून घ्या.

आईने बाहेरच्या बाकावरूनच आपल्या मावशीला फोन लावला. मावशीचा आवाज मोठा, तो सगळ्या बाकांना ऐकू गेला.

"अगं, ते दोन्ही होते तिला. मोत्याचा काढला, आणि काचेचा राहिला. पण आम्ही सगळ्यांना मोतीबिंदूच सांगायचो. तेवढं म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत."

 जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकातले शब्द आईने दुरुस्त केले होते.

"मावशी," ती म्हणाली, "तो एक शब्द मला नीट सांगायचा होतास गं."

तिकडे मावशी रडू लागली, तेव्हा आईच तिची समजूत घालत बसली.

आता रोज थेंब घालायचे असतात, आणि ते कायमचे. ती एकही चुकवत नाही. काम निम्म्यावर आले आहे. प्रकाशक चांगले आहेत, पण चुका सुटलेल्या त्यांनाही परवडत नाहीत. उजवा डोळा आहे तिथे टिकून आहे. माझ्यावरची अक्षरे सगळ्यात मोठी आहेत, एक वाक्य दोन पानांवर जाते, आणि मी पाने उलटून उलटून थकतो. आता माझे कौतुक कुणी करत नाही. मीही वाट पाहत नाही. टॅबलेट अजून वरच्या फळीवर आहे, न केलेल्या गुन्ह्याचा आळ घेऊन.

टिंबूलाही तपासून आणले, कारण हा आजार घरात एका पिढीतून पुढच्या पिढीत उतरतो. डॉक्टर म्हणाल्या, आज हिचे डोळे चांगले आहेत, दर वर्षी घेऊन या. बाबांनी 'चांगले' ऐकले आणि तिला खांद्यावर घेतले. आई 'आज' या शब्दापाशी थांबली. मग वाटेत तिने टिंबूला म्हणायला लावले, "माझ्या आईला काचबिंदू आहे." टिंबूने ते स्पष्ट म्हटले, काच वेगळी आणि बिंदू वेगळा. आईने तिला पुन्हा म्हणायला लावले.

मित्रांनो, झगझगीत पडद्यावर वाचत असाल तर मधूनमधून दूर बघा, पापण्या मिटा. माझ्यासारखा पडदा मिळाला तर खुशाल वापरा, डोळ्यांना बरे वाटेल. पण आज घरी गेलात की मोठ्या माणसांना विचारा, आजीला काय झाले होते, आजोबांना काय झाले होते, आणि आजाराचे नाव पूर्ण ऐकून घ्या. आणि कुणी म्हणाले की हल्ली माझे डोळे अजिबात दुखत नाहीत, तर त्यांचा हात धरा आणि डॉक्टरांना दाखवून आणा. दुखत नाही, याचा अर्थ एवढाच असतो की दुखत नाही.