चिमणीची हनुवटी

“देहावर राज्य करायला माणसाला शस्त्र लागत नाही. संयम पुरतो!”

हे वाक्य मी जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून उच्चारलं. उभं राहण्यामागे तात्त्विक कारण काही नव्हतं. बटाट्यांचं भांडं पलीकडच्या टोकाला होतं आणि बसल्या जागेवरून माझा हात पोचत नव्हता, कारण मधे मीच येत होतो.

“संयमी महाराज, वाढून झालं की झाकण ठेवा,” बायको म्हणाली.

विषय चिमणीच्या ऑपरेशनचा होता. चिमणी म्हणजे आमची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मी कौतुकानं हे नाव ठेवलं आणि पुढे निसर्गानं माझ्या कौतुकाकडे साफ दुर्लक्ष केलं. तिशी ओलांडेपर्यंत तिनं उपास केले, पळून पाहिलं, गोळ्या घेतल्या, आणि या सगळ्याहून कठीण म्हणजे माझे सल्ले ऐकले. वजन थोडं उतरायचं आणि जाताना वाट पाहून ठेवल्यासारखं सोबत्यांना घेऊन परत यायचं. आता तिनं जठरच लहान करून घ्यायचं ठरवलं होतं.

माझा विरोध होता. तो असतोच. एका मोठ्या कंपनीत मी आयुष्यभर अध्यक्षांची भाषणं लिहून दिली. अध्यक्ष बदलत गेले, भाषणं तीच राहिली. निवृत्त झालो तेव्हा कंपनीनं मला घड्याळ दिलं, पण भाषणं परत मागितली नाहीत. ती आता घरच्यांना ऐकावी लागतात.

सर्जनबाईंकडे गेलो तेही एक भाषण पाठ करूनच. बाई अंगानं काडीसारख्या होत्या, त्यामुळे माझा त्यांच्यावर लगेच अविश्वास बसला. त्यांनी चिमणीला विचारलं, “ऑपरेशननंतर नेमकं काय व्हावं असं वाटतंय तुम्हाला?”

“वजन!” मी म्हणालो.

“तुमच्याबद्दल नंतर बोलू,” बाई म्हणाल्या.

चिमणी तोंडावरच्या मास्कला बोट लावून म्हणाली, “मला हा काढायचाय.”

चिमणी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आतल्या अंधाऱ्या खोलीत यंत्राच्या एका बाजूला गिऱ्हाईक हनुवटी टेकवून बसतं, दुसऱ्या बाजूला ती. दोन चेहऱ्यांमध्ये वीतभर अंतर. माझी मुलगी जंतूंच्या बाबतीत फार काटेकोर आहे, म्हणून दिवसभर मास्क लावते, असं मी ओळखीपाळखीत अभिमानानं सांगत आलो होतो. खरं कारण मला त्या दिवशी, त्या परक्या बाईंसमोर कळलं. एका छोट्या मुलीनं यंत्रावर हनुवटी टेकवता टेकवता विचारलं होतं, “ताई, तुला पण दाढी येते?” तेव्हापासून मास्क. मास्कमधला श्वास वर चढतो, यंत्राची काच धुरकट होते. ती पुसायची, की पुन्हा धुरकट.

“सकाळी दाढी करूनच निघते मी,” चिमणी म्हणाली. “दुपारपर्यंत खुंट हाताला लागतात. पाळीचं विचारूच नका. तिला वाटलं तर येते, नाही तर महिनोन्‌महिने पत्ता नाही.”

“हा पीसीओएस. तुमचा आळस नव्हे,” बाई म्हणाल्या. आळस म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, ठाऊक नाही. “शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. ते वाढलं की अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लागतात. त्यातून हे केस, हे पाळीचे घोळ. वजन उतरलं की ही साखळी सैल होते. पाळी बऱ्याच जणींची काही महिन्यांत रुळावर येते. हनुवटीचं मात्र वचन देत नाही. केस सगळ्यात शेवटी ऐकतात. काही तर ऐकतच नाहीत.”

“म्हणजे दाढीसाठी पोट कापायचं?” मी भाषणाला हात घातला.

“बाबा,” चिमणी म्हणाली, “पोट माझं, दाढी माझी. भाषण तुमचं आहे, ते घरी न्या.”

ऑपरेशन तिचं झालं, चक्कर मला आली. तिला बाहेर आणलं तेव्हा मी बाकावर आडवा होतो आणि एक नर्स मला वहीनं वारा घालत होती. त्यामुळे त्या प्रसंगासाठी तयार केलेले चार शब्दही राहून गेले.

घरी आल्यावर चिमणीचं जेवण सुरुवातीला चमच्यांवर आलं. पातळ सूप, मग मऊ काहीतरी, मग वाटीभर. बायकोचा हात मात्र जुन्याच मापानं चालायचा. अन्न वाया जाऊ नये या उदात्त भावनेनं उरलेलं मी संपवू लागलो. महिन्यामहिन्याला चिमणी उतरत गेली आणि माझ्या शर्टांची बटणं उडत गेली. वजन घराबाहेर गेलंच नाही, नुसतं टेबलाच्या या बाजूला सरकलं.

एका संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, आली!”

मी दार उघडायला गेलो. बाहेर कुणी नव्हतं. पुढच्या महिन्यात ती पुन्हा तशीच ओरडली, तेव्हा मी नुसता खुर्चीतून अर्धा उठलो. तिसऱ्या महिन्यापासून उठणंच सोडून दिलं. घरात पाळी वेळेवर येऊ लागली हे मला अशा रीतीनं समजलं.

माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे चिमणीच्या आत्यानं, फोनवर अभिनंदन केलं. “अगं, फोटोत ओळखू येईनास! आता काय राहिलंय?”

“मास्क,” चिमणी म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

कारण मधल्या काळात भलतंच झालं होतं. गळायला लागले ते डोक्यावरचे केस. कंगव्यात, उशीवर, सूपमध्ये. सर्जनबाई म्हणाल्या, इतक्या झपाट्यानं वजन उतरलं की असं होतं, परत येतील, प्रथिनं खा. हनुवटीवरचा मात्र एकही केस हलायला तयार नव्हता.

“डोक्यावरचे चालले आणि खालचे भाडं भरून बसलेत,” ती आरशापुढे म्हणाली. हसायला गेली, पण आवाज मधेच फुटला.

टक्कल या विषयात माझा अधिकार मोठा आहे. मी म्हणालो, “बघ चिमणे, माणसाचं सौंदर्य केसांवर...”

“बाबा, आज नको.”

मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याची घरात इतकी सवय नव्हती की बायकोनं येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यानंतर दुकानात मास्क तसाच राहिला. आम्ही कुणी विचारत नव्हतो. ती सांगत नव्हती.

मग काही महिन्यांनी माझ्या दाढीचं प्रकरण उद्भवलं. माझी पाती वर्षानुवर्षं दोन दाढ्यांत बोथट व्हायची. दाढी करताना मला त्याचा मनातून अभिमान वाटायचा. काय राकट केस आहेत एकेक! आणि एकाएकी पातं टिकायला लागलं. दोन आठवडे झाले तरी धार कायम. मी आरशात पाहिलं आणि खचलो. पौरुष ओसरलं.

दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बायकोला जवळ बोलावून म्हणालो, “मला वाटतं, माझ्यातला पुरुष संपला.”

“तो कधी होता तेच आठवत नाही मला,” ती म्हणाली. “अहो, पातं तुमच्या दाढीनं कधी बोथट झालंय? चिमणी वापरायची तुमचं. आता नाही वापरत एवढंच.”

“का नाही वापरत?”

“मी काय जाणे! तुम्हीच विचारा.”

विचारण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती. पण चष्म्याचा नंबर वाढल्याचं सोंग आणण्याइतका लबाडपणा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाऊन गिऱ्हाइकांच्या रांगेत बसलो. माझी पाळी आली तेव्हा आतून चिमणीचा आवाज आला, “या, बसा.” मग मला बघून, “तुम्ही?”

खोलीत अंधार होता. तिच्या तोंडावर मास्क आहे की नाही ते मला दिसेना. एवढा खटाटोप करून, खरोखरच दिसेना.

“दिसत नाही गं हल्ली,” मी म्हणालो. हे त्या क्षणी तरी खरं होतं.

तिनं समोरच्या फळ्यावरची अक्षरं लावली. मी सगळ्यात वरचं, दारापेक्षा थोडंच लहान असलेलं अक्षर चुकीचं वाचलं. तिनं डोळ्यापुढे काच सरकवली. मी आणखी चुकीचं वाचलं. दुसरी काच. मग मी बहरात येऊन फळ्यावर नसलेलीही अक्षरं वाचू लागलो.

“बाबा, ही काच साधी आहे. खिडकीची असते तशी.”

“अस्सं? तरीच थोडं बरं वाटतंय.”

“कशाला आलात?”

मी फळ्यावरचं पुढचं अक्षर वाचलं, तेही चुकीचं. तिनं उसासा टाकला, खुर्ची ओढली आणि यंत्र माझ्यापुढे आणलं. छोटा दिवा लागला. त्या दिव्यात मला आधी खुंटीवर लटकलेला मास्क दिसला, मग तिचा चेहरा. वीतभर अंतरावर, उघडा. हनुवटीवर बारीक बारीक पाच-सहा केस होते. तिनं ते लपवले नव्हते, काढलेही नव्हते. मी पाहिले, आणि मी पाहिले हे तिनंही पाहिलं.

“सगळे नाही गेले,” ती म्हणाली. “उरलेत ते विरळ आहेत. परवा काच पुसून पुसून कंटाळले, म्हटलं मरू दे. तसंच बसले. समोर एक आजोबा होते, काही बोलले नाहीत. मग एक बाई आल्या. त्याही नाही बोलल्या.”

देह, धीर, लेकीचं धैर्य आणि बापाचं अज्ञान या विषयांवर माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण जिभेवर आपोआप जुळून आलं होतं. मी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, “चिमणे, माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो...”

“बाबा, हनुवटी टेकवा,” ती म्हणाली. “आणि प्लीज बोलू नका. काच धुरकट होते.”