लाल कोंबड्याची मागणी

देवूकाका भगत होता तेव्हा त्याच्या अंगात वारा यायचा आणि लोकांच्या हरवलेल्या गायी सापडायच्या. मग आमचा पाडा ख्रिस्ती झाला, काकाही झाला, तरी वारा येतच राहिला. फक्त जागा बदलली. पूर्वी काका झाडाखालच्या देवासमोर घुमायचा, आता मासवणच्या आमच्या कुडाच्या प्रार्थनाघरात. रविवारी ढोलकी तापली की आधी त्याचा उजवा गुडघा हलायचा, मग डावा, मग आख्खा काका.

लोक म्हणायचे, पवित्र आत्मा आला. आत्मा बहुधा सोपंच सांगायचा. भांडू नका. छप्पर शाकारा. छप्पर खरंच गळत होतं, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती.

माझं आणि सोमीचं लग्न जाहीर व्हायचं होतं त्या रविवारीही ढोलकी वाजली. लग्न करून आम्ही तारापूरला जाणार होतो. तिथे नव्या वीजघराचं बांधकाम चाललं होतं आणि बोईसरच्या मुकादमाने मला सांगितलं होतं, "शादी करके आ जाना." माझे आईबाप लहानपणीच गेले. काकानेच मला वाढवलं. म्हणून लग्न आधी त्याच्या कानावर घातलं होतं. तो "बरं" म्हणाला होता आणि उठून बकऱ्यांना पाला घालायला गेला होता.

काका घुमला. आवाज आला, "जिवल्यानं लगीन करू नय. पाडा सोडू नय. हितंच राहून देवाचं वचन सांगावं."

मग तोच आवाज म्हणाला, "नि लाल कोंबडा द्यावा."

पाड्यात लाल कोंबडा एकच होता आणि तो सोमीच्या आईचा, नवसीमावशीचा होता. मुलीचं लग्न मोडल्याचं मावशीने बसून ऐकून घेतलं होतं. कोंबड्याचं ऐकल्यावर ती उठून घरी गेली आणि कोंबडा पाटीखाली झाकून पाटीवर बसली.

माझी अडचण वेगळी होती. आतून मला स्पष्ट ऐकू येत होतं की सोमीशी लग्न कर. पण माझी अशी पक्की समजूत होती की आपल्याला जे नको असतं तेच देवाला हवं असतं. म्हणजे आतला आवाज सैतानाचा आणि काकाचा देवाचा. मी हे सोमीला नदीवर जाऊन समजावून सांगितलं.

तिने धुणं आपटायचं थांबवलं नाही. "तुला कारलं आवडतं?"

"नाय."

"मग कारल्याशी लगीन कर."

"सोमे, मी देवाचं बोलतोय."

"तू भ्यालास ते बोल. होय तर होय, नाय तर नाय. देवावर ढकलू नको."

मी बन्सी मास्तरांकडे गेलो. मास्तर नगरकडचे. आठवडाभर शाळा चालवायचे, रविवारी उपदेश करायचे. ते अर्धी दाढी करून बसले होते.

"काकाचा आवाज ऐकून कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"पोटात गोळा आला."

"आणि सोमीचं नाव घेतलं की?"

"तवा पण गोळा. पण बरा गोळा."

मास्तरांनी वस्तरा खाली ठेवला. "आवाज आला की तो पारखून घ्यावा, असं शास्त्रच सांगतं. घाबरवतो का, घाई करतो का, माणसाला माणसापासून तोडतो का, ते बघावं. आणि जिवल्या, तुझ्या आवडीचं काही सांगायला देवाला बंदी आहे का?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"दुसरं," मास्तर म्हणाले, "कोंबड्याचं काय करायचंय त्याला?"

"कुणाला?"

"पवित्र आत्म्याला."

आम्ही दोघांनी बराच विचार केला. मग मास्तर अर्ध्या दाढीनिशीच उठले.

काका दारात टोपली विणत बसला होता. मास्तर त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि गायीची चौकशी करावी तसं म्हणाले, "देवू, कोंबडा कुणी मागितला?"

काकाने बांबूची एक कांबट ओवली. दुसरी ओवली. "सवय, मास्तर. वारा जाताना त्याचा मान मागतो. नाय मागितला तर जात नाय. तोंडातून आलं."

"आणि घुमणं?"

"ढोलकी वाजली का समदी माज्या तोंडाकडं बघतात. लोकांना रिकामं कसं धाडायचं?"

"आणि जिवल्याचं?"

काका टोपलीशी बोलला. "पोर गेल्यावर मी भात कुणाला वाढू?"

कुठलाही गुडघा न हलवता काका माझ्याविषयी बोललेलं, माझ्या ऐकण्यातलं हे पहिलंच वाक्य होतं.

मास्तर हळूच म्हणाले, "हा आवाज तुझा आहे, देवू. चांगला आहे. फक्त देवाच्या नावाने नको बोलूस."

"आता घुमायला नको?" काकाने विचारलं.

"नको."

काकाने दोन्ही पाय लांब पसरले. "बरं झालं. गुडघे लय दुखतात, मास्तर. एक रविवार सुटी नाय."

मी त्याच्यासमोर बसलो. "काका, मी लगीन करणार. तारापूरला जाणार. रविवारी येत जाईन."

"जेवायला ये," काका म्हणाला. "वचन सांगायला नको. तू लय बोलतोस."

मास्तरांनी मला विचारलं, आता मनाला शांती वाटते का. मी म्हटलं, भूक लागली आहे. त्यांनी ते शांतीत धरलं. काकाने आम्हा दोघांना भात वाढला, आणि मास्तरांची उरलेली दाढी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.

पुढच्या रविवारी आमचं लग्न जाहीर झालं. सोमी खाली बघत होती, म्हणजे हसत होती. ढोलकी वाजली. काकाचा उजवा गुडघा हलला. सगळं प्रार्थनाघर त्याच्या तोंडाकडे बघायला लागलं. नवसीमावशी तर दारापर्यंत पोचलीसुद्धा.

"काय नाय," काका म्हणाला. "गुडघा हाय."

मावशी परत येऊन बसली आणि आम्ही गाणं पुढे चालू केलं.