मशीन थांबल्यावर

शिलाईच्या त्या लांबट खोलीत धाकटी दोन दिवस मशीनवरून उठायचं नाव घेत नव्हती. सातवा महिना लागलेला, पोट टेबलाला टेकलेलं, तरी पायाखालचा पॅडल काही सुटेना. सुट्टी झाली की बायका डबे घेऊन उठत. ही आपली बाह्या जोडत बसे.

"मालक सोन्याचं कडं देणारेत का गं तुला?" शेजारच्या मशीनवरून तिची थोरली जाऊ म्हणाली. "ऊठ, दोन घास खा."

"एवढं संपवते, ताई."

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मशीन चालू असलं की टेबल थरथरे, टेबलाबरोबर पोट थरथरे, आणि आत काहीतरी हललंसं वाटे. मशीन थांबल्यावर काय वाटेल, ते तिला जाणून घ्यायचंच नव्हतं. मागच्या खेपेला तिने भीती बोलून दाखवली, तेव्हा सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता. "अभद्र बोलू नये." आठवड्याच्या आत ते मूल गेलं. बोललो म्हणूनच गेलं, असं तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

आणि भर दुपारी वीज गेली. सगळी मशीनं एका दमात गप्प झाली.

धाकटीने पोटावर हात ठेवला. काही नाही. जरा कलून बसली. काही नाही. मग ती पॅडल दाबतच राहिली.

"वीज नाही बाई, हाकतेस कुणाला?" जाऊ हसत वळली आणि तिचा चेहरा पाहून हसू ओठांतच राहिलं. "काय झालं?"

धाकटीने मान हलवली.

"बोल की!"

"बोलले तर जाईल, ताई."

जाऊने हातातली कात्री खाली ठेवली. "तुझ्या गप्प बसण्याने कुणी थांबतं का, वेडे? कधीपासून हललं नाही?"

"कळलंच नाही. मशीन चालू होतं ना..."

पुढचं ऐकायला जाऊ थांबली नाही. दंडाला धरून तिने धाकटीला मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात नेलं; चपला खोलीतच राहिल्या.

नर्सने हातातलं छोटं यंत्र पोटावर टेकवलं. नुसती खरखर. जागा बदलली. पुन्हा खरखर. जाऊ पुढे वाकून कान देऊ लागली. मग खरखरीतून ठोके उमटले, भरभर, एकापाठोपाठ एक.

"हा तुमच्या यंत्राचा आवाज आहे," धाकटी म्हणाली. "मला फसवू नका."

नर्स हसली नाही. तिने धाकटीची बोटं तिच्याच मनगटावर ठेवली. "हे तुझे. आता ते ऐक. जुळतात?"

जुळत नव्हते. धाकटीचे ठोके भीतीने धावत होते, पण आतले त्यांच्याही पुढे पळत होते.

"डॉक्टर येईपर्यंत पडून राहा. ते नीट तपासतील. आणि पुन्हा अशी शंका आली, की हातातलं काम टाकून यायचं."

"रोज आली तर?"

"रोज ये."

"मी आणीन ना, वाटभर डोकं खात," जाऊ म्हणाली आणि पदराने तिचे डोळे पुसू लागली.

धाकटीने पुसू दिले. मनगटावरची बोटं मात्र तिने हलवली नाहीत.