मंगळूरचं आभाळ, कमलनगरची तूर

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. जुना म्हटलेलं मला झोंबतं, पण काचेला तडा गेल्यावर नवा कोण म्हणणार? माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते मंगळूर. तिथं बंदरात क्रेन चालवणाऱ्या नागेशच्या खिशात मी उमेदीची वर्षं काढली. रोज सकाळी त्याचा एकच प्रश्न असायचा, आज पाऊस आहे का? मी ढगाचं नाहीतर सूर्याचं चित्र दाखवायचो. ते बघूनच तो रेनकोट घ्यायचा.

पुढं त्यानं नवा फोन घेतला आणि मला गावी, कमलनगरला, आईकडं दिलं. सुमनबाईंनी मला हळद-कुंकू लावलं. कॅमेऱ्यावर कुंकू सांडल्यामुळं मला आठवडाभर सगळं लालच दिसत होतं, पण मान केवढा!

सुमनबाईंना अक्षरं जमत नाहीत, चित्रं कळतात. चैत्रात एकदा मी ढग दाखवला आणि दुपारी खरंच गारा पडल्या. त्यांनी कुरडया आधीच आत घेतल्या होत्या. झालं, गल्लीभर माझं नाव झालं आणि मीही फुगलो. खरं तर माझ्यात अजून मंगळूरचंच हवामान होतं. नागेशनं माझ्यातलं गाव बदललंच नव्हतं, आणि मला तोंड उघडून सांगता येत नाही.

वैशाखात सुमनबाईंनी डाळीसाठी तूर भिजवली. नागेशला तिकडची डाळ गोड लागत नाही, म्हणून वर्षाची डाळ आईच पाठवते. तूर निथळून गच्चीवर पसरणार, तोच मी विजेसकट ढग दाखवला. त्यांनी ओली तूर खोलीत रचली. दुसऱ्या दिवशीही ढग. बाहेर मात्र ऊन रणरणत होतं.

शेजारची शिवलीला नाकाला पदर लावून आली.

"अक्का, कसला वास यायलाय? तूर कामून आत ठेवलीस?"

"फोनमधी पाऊस दावायलाय की."

शिवलीलानं मला उचलून वरचं नाव वाचलं. "अक्का, ह्ये मंगळूरचं हाय. आपलं न्हाई."

सुमनबाई तशाच खोलीत धावल्या. तूर उपसली, तर तळची आंबली होती. "लबाडा, माझ्या पोराच्या तोंडचा घास नासवलास," म्हणून त्यांनी मला पिठाच्या डब्यामागं टाकलं. मला फार वाईट वाटलं. उरलेली तूर दोघींनी उन्हात पसरली. निम्मी का होईना, वाचली.

संध्याकाळी शिवलीलानं मला बाहेर काढलं. "कमलनगर करून देते अक्का. म्हंजे परत फसायचं न्हाई."

सुमनबाईंनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. हितलं आभाळ मला डोळ्यानं दिसतंय. माझं लेकरू ज्या आभाळाखाली हाय, त्ये कुठं दिसतंय?"

तेव्हापासून मी देव्हाऱ्याजवळ असतो. सुमनबाई तूर ऊन बघून वाळवतात, आणि माझ्यात ढग दिसला की म्हणतात, "भिजू नको रे बाबा."

मित्रांनो, घरच्या थोरांना जुना फोन द्याल, तर जवळ बसून शिकवाही. आणि कधी लांब राहायला गेलात, तर तुमच्याकडं पाऊस आहे का, हे त्यांना काचेत शोधायला लावू नका. स्वतः सांगा. आमचा नागेश कामात असेल. सुमनबाई मला रोज पदरानं पुसतात, आणि मी वाजायची वाट बघतोय.