नांगर उतरेना

कुशाबाने बागेचा तो चिमुकला ट्रॅक्टर पुण्याच्या एका बंगल्यातून आणला, तेव्हा अख्खी वस्ती पोट धरून हसली होती. गुलाबाचे वाफे करायचं ते यंत्र, मुळशीच्या मातीत त्याची काय डाळ शिजणार? पण धरणाच्या गाळात ते चाललं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाची मऊ जमीन उघडी पडे. तिथे बैल पोटापर्यंत रुतत आणि हा हलका गडी मात्र तुरुतुरु पळे. त्रास एकच होता. प्रत्येक वळणावर मागचा नांगर हाताने उचलावा लागे, आणि दोन उन्हाळ्यांत कुशाबाची कंबर कामातून गेली.

म्हणून पौडचा चाँदभाई मिस्त्री आला. लष्कराच्या भंगारातून त्याने एक सिलिंडर आणला, इंजिनाच्या पट्ट्यावर पंप बसवला आणि मागे दोन लोखंडी हात जोडले. दांडी ओढली की तेलाच्या दाबाने हात वर, ढकलली की खाली. चार दिवस खपून त्याने ही लिफ्ट जमवली आणि स्वतःच तिच्या प्रेमात पडला.

कुशाबाची आई तुळजाबाई हे सगळं ओट्यावरून बघत होती. तिला लिफ्टचं काही कौतुक नव्हतं. या वर्षी पोराने ओढ्याच्या बाजूचा तुकडा नांगरावा, गाळाखालची काही खूण वर येते का बघावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. कारण त्या तुकड्याखाली कुठेतरी तिचं पहिलं लेकरू होतं.

धरण भरायच्या आधी तिथे त्यांचं नऊ घरांचं गाव होतं. तान्हं मूल गेलं की पुरत, आणि पुरायला पुरुष ओढ्याकडे जात. बायांनी तिकडे जायचं नाही, जागाही विचारायची नाही. ही काय रीत झाली? नऊ महिने पोटात वाढवायचं बाईने, आणि ते कुठे निजलंय हे ठाऊक असायचं बापाला! तुळजाबाईने रीत मोडून नवऱ्याला पुष्कळदा विचारलं. भिवाजी काही न बोलता उठून जाई. तीन वर्षांपूर्वी तोही गेला, आणि सांगणारं कुणी उरलं नाही. अडतीस वर्षं ती दर उन्हाळ्यात उतरत्या पाण्यामागे जात होती आणि नुसता गाळ बघून परतत होती.

वैशाखातल्या एका सकाळी कुशाबाने ओढ्याकडचा तुकडा धरला. चाँदभाई आपल्या करामतीची मजा बघायला धोंड्यावर बसला होता, तुळजाबाई त्याच्या शेजारी. नांगराच्या तिसऱ्या तासाला, म्हणजे तिसऱ्या ओळीला, ट्रॅक्टर सरळ चाललेला असताना, नांगर आपसूक वर आला. दोन पावलं हवेतून गेला आणि पुन्हा जमिनीत उतरला.

"चाँदभाई, ही कसली लिफ्ट? म्या दांडीला हातबी लावला न्हाई!"

"लागला आसंल तुझा कोपर."

कुशाबा वळून पुन्हा त्याच तासातून गेला. त्याच जागी नांगर उठला. चाँदभाईला हा भलताच अपमान वाटला. त्याने कुशाबाला उतरवून स्वतः चालवला, नांगर उठला. व्हॉल्व्ह खोलला, पुसला, बसवला, तरी उठला. शेवटी त्याने चिडून पंपाचा पट्टाच काढला आणि खिशात कोंबला. आता तेलाला दाब देणारं काहीच उरलं नव्हतं. ट्रॅक्टर त्या जागेवर आला आणि दोन्ही हात सावकाश वर आले. एरवी करकरणारं ते लोखंड, आता हूं की चूं नाही.

चाँदभाई खाली उतरला आणि हातांनी गाळ बाजूला सारू लागला. हातभर खाली, एकाला एक लावून ठेवलेले चपटे दगड लागले. त्यांच्या फटीत काळ्या-पांढऱ्या मण्यांची इवलीशी मनगटी होती.

"काकी," तो हळूच म्हणाला, "हितं लेकरू हाय."

तुळजाबाई धडपडत आली. तिने मणी बोटाने पुसले आणि तिचा चेहरा उतरला. "ही माझ्या लेकराची न्हाई. त्याच्यात लाल मनी हुतं. ही आमच्या गावच्या धोंडाबाईच्या पोराची." तिने मनगटी होती तिथे ठेवली आणि वर गाळ लोटला. "आता पट्टा लाव न् चालीव, कुशा. रंभाबाईची दोन जुळी, सगुणाबाईचं एक, आन् माझं. आजून चार हायेत."

कुशाबाला घरी पळून जावंसं वाटत होतं, पण आईचा चेहरा बघून तो मुकाट ट्रॅक्टरवर चढला.

दुपारी नांगर उठला, आणि तिथून हातभर अंतरावर पुन्हा उठला. तुळजाबाईने दोन्ही जागांना हात जोडले. "रंभाबाईची," ती म्हणाली. उन्हं कलताना तो चौथ्यांदा उठला, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिने स्वतःच उकरलं. हाताला चांदीचा वाळा लागला. लेकराला चांदीच्या वाळ्यासकट मातीत देणारी अख्ख्या गावात एक सगुणाबाईच होती. तुळजाबाईने ती जागा झाकली. राहिलं एक.

कुशाबाने उरलेला तुकडा उभा नांगरला, मग आडवा नांगरला. आई बोट दाखवेल तिथे तो ट्रॅक्टर नेत होता. नांगर शहाण्यासारखा जमिनीत राहिला. सूर्य डोंगराआड गेला तरी तो एकदाही उठला नाही.

"पान्यानं न्हेलं त्याला," तुळजाबाई म्हणाली आणि घराकडे चालू लागली. ती रडली असती तर कुशाबाला बरं वाटलं असतं.

गाव उठल्यावर त्यांनी वस्ती केली होती ती वर टेकाडावर. दिवेलागणीला ट्रॅक्टर अंगणात आला. उभा करण्याआधी कुशाबाने नांगर टेकवायला दांडी ढकलली. नांगर खाली येईना. त्याने पुन्हा ढकलली. मग तो नांगरावर ओणवा होऊन लोंबकळला, चाँदभाईनेही आपलं वजन घातलं. नांगर बोटभरही हलला नाही.

चाँदभाईने ट्रॅक्टर दोन हात पुढे घेतला. नांगर धप्पकन भुईला टेकला. त्याने तो मागे घेतला, आणि नांगर सावकाश, बिनआवाजी वर आला.

तुळजाबाई पायरीवर पोचली होती. ती तिथेच थबकली.

"कुशा, इंजन बंद कर."

ती परत आली आणि त्या वर धरलेल्या नांगराखाली फतकल मारून बसली. "काकी, नांगराखाली..." चाँदभाई म्हणू लागला. तिने तळहात भुईवर ठेवला होता.

"गाव सोडलं तवा तुजे बा मागं ऱ्हायले," ती म्हणाली. "कुदळ इसरली म्हनले. अंधार पडल्यावर आले, जेवले न्हाईत. आन् सकाळी उटून बगतीया, तर ह्ये अंगन सारवत्यात. ज्यांनी उभ्या जल्मात शेनाला हात लावला न्हाई, त्ये!"

"म्हंजी बानं त्याला..."

"समदं गाव पान्यात चाललं हुतं, लेकराला कसं ठिवतील तितं? पर मला एका शबुदानं बोलले न्हाईत रं. अडतीस वरसं मी त्याला पान्यात हुडकीत ऱ्हायले, आन् ह्यो हितं, माझ्याच हातानं सारवलेल्या भुईखाली."

तिचा हात भुईवर गोल गोल फिरत होता. कुशाबा आईजवळ जाऊन बसला.

"आन् मी हसले हुते," ती म्हणाली. "वस्तीतल्या बायांस्नी बोलवून दावलं, बगा गं, माझा नवरा शेन सारवतोय. समद्या खदाखदा हसल्या. त्ये मान खाली घालून सारवतच ऱ्हायले."